हिची सही

३ मार्च

ही वही हिच्या कपाटातली. शिवणाची मापं लिहायला हिच्याकडे वह्यांचा गठ्ठाच असतो, त्यातली एक मी उचलली. "कशाला?" म्हणाली. म्हटलं, "आठवणी लिहायच्यात." "लिहा, लिहा. निदान मला ऐकाव्या तरी लागणार नाहीत."

खरं कारण वेगळंच आहे. आज भाची आली होती आणि वयाच्या साठाव्या वर्षी मला काम देऊन गेली. काम कसलं, तर खोट्या सह्या करायचं!

नीट सांगतो. चौतीस वर्षं मी दस्त नोंदवायच्या कचेरीत काढली. खरेदीखत असो की मृत्युपत्र, माझ्या टेबलावर सही पडताळल्याशिवाय कागद पुढे सरकला नाही. हातातला चहाचा कप खाली न ठेवता मी खोटी सही ओळखायचो. रिटायर होऊन दीड वर्ष झालं. आता मी, हिच्याच शब्दांत, "पायात पायात येणारी वस्तू" आहे.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. ती एका कंपनीत सह्या ओळखणारं यंत्र बनवते. यंत्र तयार होत आलंय, आता त्याला फसवू पाहणारा कोणी हवाय. "मामा, जन्मभर चोर पकडलेत. आता जरा चोरी करून दाखवा."

ही शेजारी बसून कोटाला काजं करत होती. म्हणाली, "जा हो. माझ्या कात्र्या कोणी हलवणार नाही तेवढा वेळ."

५ मार्च

पहिला दिवस. लांबट खोली, चार टेबलं, खिडकीत सुकलेली एक कुंडी. माझ्या टेबलावर काचेची काळी पाटी आणि तिला दोरीने बांधलेलं पेन, जसं आमच्या कचेरीत लोक पळवू नयेत म्हणून बांधायचो तसं. बघून बरं वाटलं.

मला वीस जणांच्या खऱ्या सह्या दिल्या. मी एकेक निरखली, पाचपाच वेळा गिरवली आणि पाटीवर उतरवली. कागदावर ठेवून बघितलं असतं तर मालकालाही फरक कळला नसता.

विसाच्या वीस नाकारल्या.

"पाटी बिघडलीये," मी म्हटलं.

भाची हसली. "मामा, सही दिसते कशी, ते तुम्ही बघता. पाटी बघते ती होते कशी. पेन कुठे पळतं, कुठे अडखळतं, कुठे दाबलं जातं. पेन हवेत उचललेलं असतं ना, तेव्हासुद्धा तिचं लक्ष असतं."

म्हणजे शाळेतल्या आमच्या हेडमास्तरांसारखी. भाचीचे एक साहेब आहेत, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. मी त्यांना मनात दुचष्मे म्हणतो. ते म्हणाले, "निराश होऊ नका, नकल्या लागतोच आम्हाला." नकल्या! चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर ही पदवी.

घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, "शोभते."

९ मार्च

आज मर्म कळलं. मालक सही करतो तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. सही हातातून निसटते. नकल्या ती चित्रासारखी काढतो. हळू, एकाच वेगाने, जपून जपून. जपण्यानेच हात किंचित थरथरतो आणि पाटी मानगूट पकडते.

म्हणजे मला निष्काळजीपणा शिकायला हवा. जन्मात न जमलेली गोष्ट.

१२ मार्च

मजा झाली. मी चष्मा घरी विसरलो होतो. तो द्यायला ही थेट ऑफिसात. भाची म्हणाली, "मामी, आलीच आहेस तर सही करून जा." गेल्या वर्षी यंत्राचं काम सुरू झालं तेव्हा तिने आम्हा सगळ्या नातेवाइकांच्या सह्या घेतल्या होत्या, हिच्याही.

हिने सही केली. पाटी म्हणते, नामंजूर.

पुन्हा केली. नामंजूर.

दुचष्मे म्हणाले, "मामी, तुम्ही तुम्हीच आहात ना?" मी म्हटलं, "पस्तीस वर्षं मला संशय होताच, आज पुरावा मिळाला." सगळी खोली हसली. मी सगळ्यात जास्त.

ही नाही हसली. हल्ली माझ्या विनोदांना हसतच नाही. विनोद तेच ते आहेत, कबूल. पण पूर्वी त्याच विनोदांना हसायची की!

भाचीने जुन्या सह्या बाजूला ठेवून नव्याने वीस सह्या घेतल्या. बराच वेळ लागला. परत येताना ही मनगट चोळत होती.

१७ मार्च

दूध करपलं. ही ओट्याशेजारीच भाजी निवडत बसलेली. मी बाहेरच्या खोलीतून ओरडत आलो. "अगं, वास नाही आला?"

"सर्दी असेल."

नाक तर कोरडं ठणठणीत. आणि वाण्याच्या यादीत अक्षर एवढंसं, ओळीच्या शेवटी तर मुंग्या. कागद वाचवण्याचं वेड लागलंय बहुतेक. वाण्याने यादी मलाच वाचायला दिली. मलाही वाचता आली नाही. मूग की मठ यावर आम्ही दोघांनी चर्चा केली आणि दोन्ही घेतले.

२१ मार्च

मला कमी ऐकू येतंय. हिचं बोलणं मला तीनदा विचारावं लागतं, मग ही "जाऊ दे" म्हणते. वय झालं, दुसरं काय. मुकाट्याने कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने कानात दिवे लावले, शिट्ट्या वाजवल्या आणि म्हणाला, "आजोबा, कान विशीतल्या पोराचे आहेत."

मग डॉक्टरच खोटा असणार. हिला सांगितलं नाही, उगाच चिडवेल.

२६ मार्च

संध्याकाळी फिरायला गेलो. पूर्वी ही माझ्यापुढे चालायची, मला धापा टाकायला लावायची. आज मागे राहत होती. उजवा हात कमरेशी धरलेला, जसं त्या हातात न दिसणारी पिशवी आहे. मी म्हटलं, "राणीसाहेब, रुसलात का?" म्हणाली, "चला हो."

शेजारीणबाईंचा कोट तीन आठवडे रखडलाय. हिच्या उभ्या आयुष्यात असं घडलं नाही. शेजारीणबाई काही बोलल्या नाहीत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दिवसभर घरी नसतो म्हणून हिचं कामात लक्ष लागत नसावं. त्या विचाराने थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल

जिंकलो!

आज पाटीने माझी सही मंजूर केली. एक नाही, पाचपैकी चार! आणि सही कोणाची? हिची! बाकी कोणाचीच जमत नाही, पण हिची जमली. पस्तीस वर्षांचा संसार फुकट नाही गेला. मी हिच्या नव्या वीस सह्या समोर ठेवल्या, सावकाश, जपून काढली आणि हिरवा दिवा!

दुचष्म्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "नकल्या पास झाला!" मी सगळ्यांना केक आणला.

भाची मात्र हिच्या सह्याच पुन्हा पुन्हा बघत होती. केकही तसाच ठेवला. तिचं यंत्र हरलं, वाईट वाटणारच. जाताना मला म्हणाली, "मामा, मामी बरी आहे ना?"

"ठणठणीत," मी म्हटलं.

५ एप्रिल

भाची घरी आली होती. ही आतल्या खोलीत मशीनवर होती, तेवढ्यात भाचीने मला गॅलरीत नेलं. हातात दोन कागद. एकावर डोंगरासारख्या चढउताराची रेघ. "ही मामीची गेल्या वर्षीची सही. दोन सेकंदांत." दुसऱ्यावर लांबलचक सपाट रेघ, मधे मधे बारीक खाचा. "ही आत्ताची. नऊ सेकंद."

"मग?"

"मामा, तुम्ही पाटीला फसवलं नाहीत. मामीची सहीच आता नकल्याच्या सहीसारखी होते. हळू, जपून, अडखळत. म्हणून तुमची त्यात बसली." मग खाली बघत म्हणाली, "मी डॉक्टर नाही. पण मामीला एकदा दाखवून घ्या. मेंदूच्या डॉक्टरांना."

माझं डोकंच फिरलं. मी नको नको ते बोललो. काचेच्या तुकड्याला माणसं कळायला लागली का? पोरी, तू चालायला शिकलीस ती हिचं बोट धरून, आणि आज हिच्यात खोट काढतेस? तिने कागदांची घडी घातली. चहा न घेताच गेली.

ही बाहेर आली. "गेली? अशी कशी गेली?"

"काम होतं तिला," मी म्हटलं.

६ एप्रिल

ही कोट पोचवायला गेली तेव्हा मी कपाट उघडलं. मापांच्या वह्या. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाखाली ही सही करते, तारीख घालून. कचेरीतलं माझं भिंग काढलं आणि पाच वर्षांच्या वह्या जमिनीवर ओळीने मांडल्या. अगदी तशाच, जशा दाव्यातल्या सह्या मांडायचो.

पहिल्या तीन वह्यांत हिची सही म्हणजे हिची चाल. मोठी, तिरकी, शेवटचं अक्षर घाईत अर्धवट सोडलेलं. चौथ्या वहीच्या मध्यापासून लहान होते. पाचव्या वहीत आणखी लहान. शेवटच्या पानांवर तर ती वाण्याच्या यादीतली मुंगी झाली आहे.

दीड वर्ष. मी रिटायर होऊन घरात बसलोय तितकंच. चोवीस तास समोर होतो.

आणखी एक लिहितो, कारण ते कुठेतरी लिहायलाच हवं. कचेरीत एक म्हातारी यायची, घर मुलीच्या नावावर करायला. सही जुळली नाही म्हणून मी तिला परत पाठवली. तीनदा. "आजी, नीट करून या." चौथ्यांदा मुलगी एकटीच आली, म्हातारी राहिली नव्हती. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की नियम म्हणजे नियम. आज वाटतं, तिचा हात तिचाच होता. मी बघत होतो फक्त कागद.

वह्या जागच्या जागी ठेवल्या. भिंगही.

७ एप्रिल

सकाळी चहा मी केला. ही म्हणाली, "सूर्य कुठून उगवला?"

मी म्हटलं, "बस जरा. काल तुझ्या वह्या बघितल्या."

ती बसली. उजवा हात पदराखाली गेला. मला एकदम कळलं की हा हात कितीतरी महिने असाच पदराखाली जातोय.

"सुई ओवायला वेळ लागतो," ती म्हणाली. "काजं तर मी दोन महिने झाले बाहेरून करून घेते. त्या शेवटच्या कोटाची तेवढी हट्टाने घरी केली, म्हणून उशीर. मला वाटलं, वय झालं."

"मला सांगायचंस ना गं."

"काय सांगणार? तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन निघत होता. शीळ घालत. कचेरी सुटल्यापासून शीळ ऐकलीच नव्हती मी. म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत."

लोकांच्या सह्यांतला केसाएवढा थरथराट ओळखणारा माणूस मी. "डॉक्टरांना दाखवू तुला," म्हणत कप धुवायला उठलो आणि एक फोडला.

"मला कशाला नेता, आधी तुमचे हात दाखवा," ही म्हणाली.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई नव्हती त्यांना. हिला चालायला लावलं, अंगठा-बोट भराभर जुळवायला सांगितलं, कागदावर एक ओळ लिहून घेतली. वास येतो का, विचारलं. आवाज बारीक झालाय का, विचारलं. मी मधेच म्हटलं, "नाही, ते माझे कान..." आणि कानाचा डॉक्टर आठवला.

कंपवात आहे म्हणाल्या. मी भांडलो. "पण कंप कुठे आहे? हात कापत नाही हिचा."

"सगळ्यांचा कापत नाही. काहींचं नुसतं सगळं मंद होतं. चाल, अक्षर, चेहऱ्यावरचं हसू. हसायचं मनात असतं, चेहऱ्यावर पोचत नाही."

मी हिच्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या विनोदांना ही आतून हसत होती!

"तेवढे काही चांगले नसतात," ही म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या.

पुरता बरा होणारा आजार नाही. पण गोळ्यांनी पुष्कळ फरक पडतो, व्यायामाने पडतो, आणि लवकर आलात म्हणाल्या. "कोणाच्या लक्षात आलं?"

"भाचीच्या," मी म्हटलं. तिला मी काय काय बोललो, ते सांगितलं नाही.

१६ एप्रिल

हिला घेऊन ऑफिसात गेलो. भाचीसमोर उभा राहिलो. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी चहा राहिला तुझा." ती उठली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. दुचष्मे खिडकीतल्या सुकलेल्या कुंडीकडे बघत राहिले.

मग वेगळाच प्रश्न निघाला. दुचष्म्यांनी फार मऊ आवाजात सांगितलं की मामींच्या सह्या चाचणीतून काढाव्या लागतील. अशा नमुन्यांमुळे यंत्राचा हिशेब चुकतो. भाची म्हणाली, काढायच्या नाहीत. ते म्हणाले, महिन्याभरात यंत्र विकत घेणाऱ्यांना दाखवायचंय. भाचीचा चेहरा लाल झाला.

ही खुर्चीत बसली होती. म्हणाली, "साहेब, एक विचारू?"

आवाज बारीक, पण सगळे गप्प झाल्यावर पुरेसा होता.

"उद्या माझ्यासारखी कोणी या पाटीसमोर उभी राहील. तिला काय सांगणार, तू तू नाहीस?"

दुचष्म्यांनी नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा नाकावर घेतला, पुन्हा बदलला.

"मी कोट शिवते," ही पुढे म्हणाली. "गिऱ्हाईक जाड झालं तर मी म्हणत नाही, हे माझं गिऱ्हाईकच नव्हे. पुन्हा माप घेते."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तर मी जन्मभर सांगत फिरलो असतो. ही बोलली आणि पर्समधून रुमाल काढत बसली.

ठरलं असं की दर शुक्रवारी हिने येऊन दहा सह्या द्यायच्या. हात हळूहळू बदलतो, तसं यंत्रानेही हळूहळू बदलायला शिकायचं. यंत्र दाखवायची तारीख पुढे ढकलली. दुचष्मे म्हणाले, "मामी, तुम्ही आमच्या सल्लागार."

म्हणजे मी नकल्या आणि ही सल्लागार. घरातलीच परिस्थिती.

हिच्या सहीच्या मी केलेल्या नकला पुसून टाकायला सांगितल्या. भाची म्हणाली, "मामा, त्याही लागतील. खरी आणि खोटी यातला फरक शिकायचाय ना पाटीला." बरं, म्हटलं. पण नवीन करणार नाही.

२९ एप्रिल

गोळ्या लागू पडतायत. आज मी म्हटलं, "पस्तीस वर्षं संशय होताच." ही हसली. पूर्ण हसली, दात दिसेपर्यंत. विनोद तोच, ऐकणारी तीच. मी तो संध्याकाळी पुन्हा सांगितला, तेव्हा नाही हसली.

८ मे

व्यायामाच्या वर्गासाठी हिचं नाव नोंदवायला हॉस्पिटलात गेलो. खिडकीपाशी लांब रांग. आमचा नंबर आला तेव्हा मागे बारा-तेरा माणसं होती. नोंदणीवाल्या मुलीने हिच्यापुढे छोटी पाटी सरकवली. "संमतीची सही करा, आजी."

हिने पेन घेतलं. सकाळच्या गोळीचा असर उतरत आला होता. पेन काचेवर टेकलं आणि तिथेच थांबलं. पहिलं अक्षर सुरू व्हायलाच वेळ लागला. रांगेत कोणीतरी सुस्कारा सोडला.

नोंदणीवाली मुलगी वाकून मला म्हणाली, "आजोबा, तुम्हीच करून टाका ना त्यांची. लोक खोळंबलेत. चालतं."

चालतंच. मला ठाऊक आहे किती चालतं. माझा हात सवयीने पुढेही गेला होता.

हिने वर न बघता सांगितलं, "हात मागे."

मी हात मागे घेतला. मग रांगेकडे तोंड करून उभा राहिलो, पाठीने खिडकी झाकून, म्हणजे हिला कोणी बघत बसणार नाही. पहिल्या गृहस्थांना म्हटलं, "सही चालू आहे. तुम्हाला कुठे पोचायचंय का?" ते म्हणाले, "नाही, गुडघ्यासाठी आलोय." "मग आपण दोघंही सावकाशच," मी म्हटलं. मागच्या बाई हसल्या. एकाने घड्याळ बघितलं आणि मनगट खिशात घातलं.

पाठीमागे पेनाचा आवाज येत होता. काचेवर बारीकसा, थांबत, पुन्हा सुरू होत. मला वळून बघायचं होतं. नाही बघितलं.

मग आवाज थांबला. नोंदणीवाली मुलगी म्हणाली, "झालं ना, आजी?" आणि पाटी ओढून घ्यायला हात घातला.

"नाही," ही म्हणाली, "अनुस्वार राहिलाय."

आणि पेन उचलून, नेमकी जागा शोधून, तिने तो दिला.